उतरतं घड्याळ

निफाड तालुक्यात रॉटरडॅम सगळ्यांना माहीत आहे. मनमाडच्या पुढची रेल्वे ज्यांनी पाहिली नाही असे म्हातारेही मार्चमध्ये पारावर बसून ‘रॉटरडॅमला सध्या उठाव नाही’ असं सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेवाहून निघतो आणि काही आठवड्यांनी तिथे उतरतो. मधल्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. लहानपणी मला वाटायचं, पिंपळगाव बसवंतच्या पुढे कुठेतरी हे मार्केट असणार. तिथले व्यापारी जरा जास्त कटकटे, एवढाच काय तो फरक.

२०१६च्या जुलैत मी तिथे पोचलो. माझं एमबीएचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. रॉटरडॅममधलं एक विद्यापीठ उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम घेत होतं. सकाळी वर्ग, दुपारी एखादी कंपनी नाहीतर बंदर, शनिवारी-रविवारी भटकंती. अर्धी फी त्यांनी माफ केली. उरलेली पतसंस्थेने दिली, म्हणजे खरं तर नानांच्या, माझ्या वडिलांच्या, सातबाऱ्याने दिली. गावात फ्लेक्स लागला: ‘उच्च शिक्षणासाठी हॉलंडला रवाना’. तीन आठवड्यांचं ते उच्च शिक्षण संपवून मी परत आलो, तरी फ्लेक्स चौकातच होता.

उन्हाळी शाळा म्हणायची, पण पहिल्या दिवशी सतरा अंश तापमान आणि भुरभूर पाऊस. मी आपला आषाढातून आषाढातच आलो. फक्त इथे रात्री दहापर्यंत उजेड होता, आणि त्या उजेडात काय करायचं ते पहिले चार दिवस मला कळेना. वसतिगृहाच्या खिडकीतून दिसणारं शहर सगळं नवं. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग जाळून टाकला. त्यानंतर जुनं उभं करत बसण्याऐवजी लोकांनी नवंच बांधायला घेतलं. हॉलंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी तिरक्या माथ्याची विटांची घरं इथे शोधावी लागतात.

आम्ही सव्वीस जण, चौदा देशांचे. आमच्या गटात चौघे होते: शांघायचा एक मुलगा, अथेन्सचा एक, केनियातल्या नाकुरूची एक मुलगी आणि मी. शांघायचा मुलगा पहिल्याच दिवशी लोकप्रिय झाला. प्राध्यापकांनी अभिमानाने सांगितलं की १९६२पासून रॉटरडॅम हे जगातलं सर्वांत मोठं बंदर होतं. आणि मग जरा खाकरून म्हणाले, २००४पर्यंत. सगळा वर्ग शांघायकडे वळला. तो उठून वाकला, जणू काही ते त्यानेच केलं होतं. एक इंग्रज मुलगाही होता, त्याची मात्र कीव यायची. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २३ जूनला, त्याच्या देशाने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला होता आणि पौंड घसरला होता. ज्याला त्याला खुलासा देऊन तो दमला होता. शेवटी ‘मी घरी नव्हतो’ एवढंच सांगायला लागला.

वर्गाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुरवठा साखळीचं एक चित्र तेवढं लक्षात राहिलं, कारण ते रोज पडद्यावर यायचं. डावीकडे शेतकरी, मग बाणामागून बाण, उजवीकडे पिशवी घेतलेली बाई. शेतकऱ्याच्या डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. तसली टोपी आमच्या तालुक्यात कुणी घालत नाही. चित्रातला तो सगळ्यांत लहान होता आणि त्याच्याकडे येणारा बाण एकही नव्हता. बाण त्याच्यापासून फक्त निघायचे. मी हे गटात बोललो तर ग्रीक मुलगा म्हणाला, “पैशाचा बाण काढायला विसरले असतील.”

पहिल्या शुक्रवारी बंदर पाहिलं. शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर नुसतं बंदरच आहे. टोकाला समुद्र भरून तयार केलेली मास्व्लाक्ते नावाची जमीन आहे. तिचा दुसरा टप्पा २०१३मध्ये सुरू झाला. तिथल्या नव्या टर्मिनलवर कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना चालक नाहीत. सपाट पाठीच्या त्या गाड्या येतात, थांबतात, वळतात, एकमेकींना वाट देतात. माणूस दिसायला दुर्बीण हवी. बाकीचे फोटो काढत होते. मी पांढरे रीफर कंटेनर मोजत होतो. विजेला जोडलेले, आतलं तापमान बाहेरच्या लहानशा पट्टीवर दाखवणारे. आमच्या पॅकहाऊससमोर दरवर्षी अस्साच एक उभा राहतो. त्याला सील लागलं की नाना नारळ फोडतात. त्याचं पुढे काय होतं ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. काहीच होत नाही. एक यंत्र त्याला उचलतं आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवतं.

बारेन्द्रेख्त हे रॉटरडॅमच्या दक्षिणेला चिकटलेलं गाव. युरोपभर जाणारी फळं-भाजी इथल्या गोदामांतून फिरते. एका आयातदाराच्या शीतगृहात आम्हाला नेलं. डोक्यावर जाळीची टोपी, अंगावर पांढरा डगला. दार सरकलं आणि गार हवेबरोबर एक वास आला, ओल्या काडेपेटीसारखा. बाकीच्यांनी नाकं मुरडली. माझ्या मात्र घशात काहीतरी अडकलं. तो ग्रेपगार्डचा वास होता. द्राक्षाच्या पेटीत वरून जो कागद ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी धरत नाही. आमच्या आईच्या साड्यांना मार्चभर हा वास येतो.

पेट्या इजिप्तच्या होत्या. जुलैत आपला माल नसतोच. दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरत येतो आणि इजिप्तचा अजून यायचा असतो, मधली ती फट आपली. फट म्हणजे किती, हे तपासणी करणाऱ्या बाईंनी बोटांनी दाखवलं, चिमटीत मीठ धरावं तसं. पन्नाशीच्या असतील. पाचशे ग्रॅमचा पनेट, म्हणजे छोटा डबा, उघडून त्यांनी घड देठाला धरून उचलला, झटकला, पडलेले मणी मोजले. मग एक मणी चिरून रस गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला आणि ते खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. नाना बागेत अगदी असंच करतात. फक्त नाना नंतर तो मणी खातात, बाईंनी टाकून दिला.

मी कुठला ते त्यांनी विचारलं. मी नाशिक म्हटलं. “ओ, नासिक,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “दोन हजार दहा.”

हो, दोन हजार दहा. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. त्या साली एप्रिलमध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. आमच्याकडे त्याला सगळे सीसीसी म्हणतात. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा शेंडा आवरावा आणि काडीत सूक्ष्म घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून सगळे ते फवारायचे. फवारणी उन्हाळ्यात, फळ पुढच्या वर्षी. कुणाच्या मनात शंकाही आली नाही. निर्यातीच्या मालाची उर्वरित अंशांची तपासणी आपल्याकडेही होतच होती, पण तपासायच्या औषधांच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतं. युरोपात द्राक्षासाठी मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. नानांनी कागदावर तीन-तीनदा शून्यं लिहून पाहिलेली मला आठवतात. टनाला किती येतं, ड्रमात किती थेंब पडतात. हिशेब लागायचा, पटायचा नाही. आमची दोन एकर थॉमसन द्राक्षं त्या कंटेनरांमध्ये होती. निर्यातदाराकडून पुढे जे आलं त्याला आमच्याकडे उलटी पट्टी म्हणतात: भाडं, शीतगृह, तपासणी, विल्हेवाट सगळं धरून शेतकऱ्याकडेच येणं निघतं. नानांनी ती पट्टी घडी घालून देवघरातल्या फोटोमागे ठेवली. का, ते आईनेही विचारलं नाही.

हे सगळं मी बाईंना काय सांगणार? म्हटलं, “आमचाही माल होता.” त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, त्या महिन्यात रोज रात्री अकरापर्यंत इथे नमुने काढत होतो, बोटं बधिर व्हायची. मग दुसरा पनेट उघडून माझ्यापुढे धरला. मी एक मणी खाल्ला. गोडीला कमी होता. हे मी निःपक्षपातीपणे लिहितो आहे.

एक दिवस ब्रसेल्सला नेलं. त्या मार्चमध्ये तिथे बॉम्बस्फोट झाले होते. स्टेशनात बंदुका घेतलेले सैनिक होते, आणि युरोपीय आयोगाच्या काचेच्या इमारतीसमोर झेंड्यांची रांग. एका सभागृहात दोन तास भाषण झालं. निम्मा वर्ग झोपला. मी जागा होतो, कारण औषधांच्या उर्वरित अंशांच्या मर्यादा ठरवणारा २००५ सालचा ३९६ क्रमांकाचा नियम एका स्लाइडवर होता. आमच्या देवघरापर्यंत पोचलेला कागद इथून निघाला तर. बाहेर सगळ्यांनी वाफल खाल्ले, मीही खाल्ला.

जेवणाचं सांगायचं तर हॉलंडमध्ये दुपारी जेवत नाहीत, पाव आणि चीज खातात, तेही उभ्याउभ्या. जून-जुलैत ताजा हेरिंग मासा येतो. कच्चाच, शेपटीला धरून तोंडात सोडायचा, वर बारीक चिरलेला कांदा. ग्रीक मुलगा चार-चार खायचा. आमच्या घरी आजी माळकरी, मी मासा कधी तोंडात घातलेला नाही. त्यामुळे गाडीवाल्याला म्हटलं, मला नुसता कांदा दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरणार नाही. कांदा मात्र बरा होता. पांढरट, तिखटपणा बेताचा. पाणीदार असल्यामुळे आमच्या उन्हाळ कांद्यासारखा टिकणार नाही असं माझं मत झालं. नंतर कळलं, कांदा निर्यातीत हा देश जगातल्या पहिल्या दोन-चारांत आहे. मग मत जरा आवरतं घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात लिलाव शिकवला. प्राध्यापकांनी फळ्यावर दोन प्रकार काढले. एक चढता: बोली वाढत जाते, शेवटी उरतो त्याला माल. दुसरा उतरता, ज्याला जगभर डच लिलाव म्हणतात: भाव वरून सुरू होतो आणि खाली येत राहतो, जो पहिला थांबवेल त्याला त्या भावात माल. विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली गणिताने दाखवलं की काही अटी पाळल्या गेल्या तर विकणाऱ्याला सरासरी दोन्हींत सारखेच पैसे मिळतात. त्याला पुढे १९९६मध्ये नोबेल मिळालं.

मी हात वर केला. “अटी कोणत्या?”

त्यांनी सांगितल्या. त्यातली एक अशी की खरेदीदार एकमेकांशी आधी बोललेले नसतात.

मी हात खाली घेतला.

मी पाचवीत असल्यापासून नानांबरोबर कांद्याच्या ट्रॉलीवर बसून बाजार समितीत जात होतो. लासलगाव ही कांद्याची सगळ्यांत मोठी बाजारपेठ. पण तिच्या आसपास लहान लहान आवारं आहेत, आमचं त्यातलंच एक. पहाटे ट्रॅक्टरची रांग. साडेनऊच्या सुमारास व्यापाऱ्यांचा घोळका निघतो. ट्रॉलीपाशी येतात, एखादा चढतो, हात खुपसून आतला कांदा काढतो, तळहातावर चोळून पत्ती बघतो, दुसऱ्याकडे फेकतो. पुकारा सुरू होतो. पाच-पाच रुपयांनी चढतो आणि कुठेतरी थांबतो. मिनिटभराचं काम. त्या मिनिटात नाना ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभे असतात, टोपी काढतात, पुन्हा घालतात. मग काटा, मग व्यापाऱ्याचं खळं. तिथे ट्रॉली खाली करताना निम्म्यावर कुणीतरी म्हणतं, “खालचा माल गोल्टी आहे, बारीक.” म्हणजे वांधा. लिलावात चढलेला भाव खळ्यावर उतरतो. वांध्यांचा निवाडा करायला समिती असते. पण ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर निवाड्यासाठी थांबणार कोण? आपला लिलाव चढता का उतरता, हे विकरीला विचारायला पाहिजे होतं.

शनिवारी ब्रूक ऑप लांगेडाइकला गेलो. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला, पाण्यातलं गाव. पूर्वी इथे शेतं म्हणजे शेकडो लहान बेटं होती. शेतकरी भाजी होडीतून आणायचे, आणि होडी थेट लिलावघरात शिरायची. १८८७ साली इथे उतरत्या भावाने भाजीचे लिलाव सुरू झाले, ते १९७३पर्यंत चालले. आता संग्रहालय आहे. लाकडी मंडपात मधोमध पाणी, त्यातून भाजीची होडी येते, समोर मोठं गोल घड्याळ, आणि चढत्या पायऱ्यांच्या बाकांवर प्रत्येक जागेला एक बटण. पाहुण्यांना खरी बोली लावू देतात.

मी कांदा-द्राक्षवाल्याचा मुलगा, तीन जणांना आधीच सांगून ठेवलं होतं की घाई करायची नाही, दम धरायचा. फ्लॉवरची पाटी आली. काटा फिरायला लागला. अंगठा बटणावर. चढत्या लिलावात शेजाऱ्याचं तोंड बघून अंदाज येतो. इथे शेजारी गप्प. तो कधी दाबेल ते कळत नाही, आणि दाबल्यावर कळून उपयोग नाही. काटा जसजसा उतरतो तसतशी छाती धडधडते. भाव पडतोय याचा आनंद आणि माल जातोय याची भीती, दोन्ही एकाच वेळी. मी दाबलं. घड्याळ थांबलं. सगळे हसायला लागले, कारण काटा जेमतेम पाव फिरला होता. बाजारात त्या पैशांत तीन गड्डे आले असते. मी एक गड्डा काखेत घेऊन दिवसभर उत्तर हॉलंड पाहिलं. रात्री वसतिगृहात त्याची भाजी केली, नाकुरूच्या मुलीने चपात्या लाटल्या. त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात. आमच्या आईच्या चपात्यांपेक्षा जाड, पण गोल.

ॲमस्टरडॅम मी घाईत पाहिलं आणि घाईतच सांगतो. कालवे, सायकली, चित्रसंग्रहालयाच्या रांगा हे सगळं लोकांनी खूप लिहिलं आहे. आम्हाला नेस नावाच्या अरुंद गल्लीत नेलं. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हा इथल्या एका संचालकाच्या घरी भांडवलाची वही उघडून ठेवली होती; ज्याला भागीदार व्हायचंय त्याने येऊन आकडा लिहावा. ॲमस्टरडॅममधून हजारावर लोकांनी लिहिला. अगदी शेवटी शेवटी त्याच घरातल्या मोलकरणीने, नेल्टखेन कोर्नेलिस तिचं नाव, शंभर गिल्डर लिहिले. प्राध्यापक ही गोष्ट लोकशाहीच्या थाटात सांगत होते. नाकुरूच्या मुलीने विचारलं, “पगार किती होता तिचा?” माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. याच कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यात आहे, पडकी, वडाची मुळं शिरलेली. शाळेच्या सहलीत तिथे आम्ही डबे खाल्ले होते. त्या भिंतींत नेल्टखेनबाईंच्या शंभर गिल्डरांतलं काही आहे का, कोण जाणे.

शेवटच्या आठवड्यात आल्समेर. पहाटे पाचला बस निघाली. स्किपोल विमानतळाच्या जवळ एक बसकी, संपतच नाही अशी इमारत येते. फुलांचा लिलाव तिथे होतो. पाच लाख चौरस मीटरहून जास्त जागा, म्हणजे सव्वाशे एकर एका छपराखाली. आमचं सगळं रान सहा एकर आहे. पाहुण्यांसाठी वरून एक लांबलचक पूल आहे, त्यावरून चालत जायचं. खाली बॅटरीवर चालणारी छोटी इंजिनं फुलांच्या ट्रॉल्यांच्या आगगाड्या ओढत पळत होती. उभ्यानेच चालवतात, कुणी शीळ घालतंय, कुणी ओरडतंय. एवढी फुलं, पण वास फुलांचा नाही. ओल्या पाल्याचा, पुठ्ठ्याचा, थंड पाण्याचा. दूर पाठवायच्या गुलाबाला वास नसतोच, टिकाऊपणासाठी निवडत निवडत तो मागे पडला आहे.

ही संस्था शेतकऱ्यांची आहे. व्यापारी भाव पाडतात म्हणून १९११च्या सुमारास आल्समेरचे फूलवाले एका कॅफेत जमले आणि त्यांनी आपलाच लिलाव सुरू केला. अशा संस्था एकमेकींत मिसळत आजची रॉयल फ्लोराहॉलंड तयार झाली. हजारो उत्पादक सभासद, आणि तेव्हा वर्षाला सुमारे १२ अब्ज फुलं आणि रोपं. पैसे वेळेवर मिळण्याची हमी संस्थेची. मालाची प्रत आधी तपासून पडद्यावर लिहिलेली असते, त्यामुळे नंतर वांधा काढायला जागा कमी. आणि ठरलेल्या किमान भावाच्या खाली काटा गेला तर तो माल विकतच नाहीत, नष्ट करतात. हे ऐकून मला आमचे रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आठवले. फरक इतकाच की इथे ओतण्याचासुद्धा नियम आहे.

काचेतून लिलावघर दिसत होतं. सिनेमागृहासारख्या पायऱ्या, पुढे भिंतीवर घड्याळं. काटे नाहीत, वर्तुळावर लाल दिवा पळतो, शंभरावरून खाली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बरेच खरेदीदार आता घरून, ऑफिसातून संगणकावर बटण दाबतात. जे बसले होते त्यांच्या कानात यंत्र, हातात कॉफी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक सौदा दोन-तीन सेकंदांत. दिवा सुटतो, थांबतो, आकडा येतो, पुढची ट्रॉली. जांभई द्यावी इतक्या वेळात कुणाचा तरी महिना ठरत होता.

नाकुरूची मुलगी काचेला नाक लावून उभी होती. एकदम तिने माझं मनगट धरलं. पडद्यावर गुलाब आले होते. जात, देठाची लांबी, बादलीत किती दांड्या, आणि उत्पादकाचं नाव. नैवाशा सरोवराच्या काठचं ते नाव तिच्या ओळखीचं होतं. “माझी मावशी,” ती म्हणाली, “तिथे पॅकिंगला आहे.” केनियात फुलं खुडतात, रात्रीच्या विमानात चढवतात आणि दोन-तीन दिवसांत ती या घड्याळाखाली येतात. तिने मोबाईल काढला, कॅमेरा उघडला. दिवा सुटला आणि वीस सेंटांच्या खाली थांबला. फोटोत पुढचा लॉट आला: पिवळी जर्बेरा, इथल्याच कुठल्या तरी ग्रीनहाऊसची.

ती हसली, आणि मग बराच वेळ पुलावरून खाली बघत राहिली. ट्रॉल्या कुठून कुठे जातात ते वरून काही कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझ्या मावशीला सांग, आम्ही पाहिलं. ती म्हणाली, “काय सांगू? वीस सेंट म्हणून?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिथे सहा वाजून गेले होते, म्हणजे घरी साडेनऊच्या पुढे, लिलावाची वेळ. नाना अशा वेळी कधी फोन करत नाहीत.

“काय रे, उठला का?”

“हो नाना. लिलावात आहे. फुलांच्या.”

“तिकडं चालू आहेत का? इकडं तर बंद आहेत.”

त्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं होतं. व्यापाऱ्यांना ते मान्य नव्हतं, आणि नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव थांबले होते. निर्णय शेतकऱ्याच्या भल्याचा, असं सगळेच म्हणत होते, नानाही. पण कांदा साठवणीच्या चाळीत होता. दमट हवेत त्याला कोंब फुटायला लागले होते. नाना सांगत होते की रोज सकाळी चाळीत जाऊन वास घेतो. कुजका एक असला तरी वासाने कळतं, शोधायला मात्र अर्धी चाळ हलवावी लागते. मग म्हणाले, तू काळजी करू नको, तुझं नीट बघ. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांना काही सांगायचं नव्हतंच. रोज त्या वेळेला जायची सवय, आणि जायला जागा नाही.

मी फोन खिशात न ठेवता तसाच काचेला लावला आणि घड्याळाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला.

शेवटच्या दिवशी गटांची सादरीकरणं झाली. आमचा विषय द्राक्षाची साखळी. शांघायच्या मुलाने चित्रातल्या शेतकऱ्याची गवती टोपी काढून गांधी टोपी चढवली. परीक्षकांना ती आचाऱ्याची वाटली. तिसरा क्रमांक आला. निरोपाला सगळे रडले, अगदी इंग्रजसुद्धा. आणि मग जो तो आपापल्या विमानाच्या वेळा बघायला लागला.

मुंबईहून पंचवटीने निफाडला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. नाना मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभे होते. पाऊस होता. बॅग मध्ये, मी मागे. आल्समेरचं काही बोललो नाही, ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चाळीत कांदा निवडत बसले होते, तिथे जाऊन मी व्हिडिओ दाखवला. हात धोतराला पुसून त्यांनी मोबाईल घेतला, लांब धरला. लाल दिवा सुटत होता, थांबत होता. त्यांनी तो तीनदा पाहिला. मी समजावून सांगत होतो: संस्था शेतकऱ्यांची, पैशाची हमी, वांधा नाही. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

“हा दिवा खाली येतो,” ते म्हणाले, “तेव्हा शेतकरी कुठं उभा राहतो?”

“तिथं नसतोच, नाना. घरी असतो, त्याच्या ग्रीनहाऊसमध्ये. भाव नंतर मोबाईलवर कळतो.”

नाना जरा वेळ काही बोलले नाहीत. मोबाईल माझ्याकडे दिला.

“बरंय मग,” म्हणाले, “बघावं तरी लागत नाही.”

आणि पाटीतला एक सडका कांदा उचलून त्यांनी चाळीबाहेर भिरकावला.